डोंबिवलीकरांचं नाशिक दर्शन

रविवार, १ मार्च

नाही, तुम्हीच सांगा ना, दोन दिवसांत बघण्यासारखं काय आहे नाशकात? थांबा. रामकुंड म्हणालात तर मी उठून जाईन. पंचवटी म्हणालात तरी. आणि 'अरे, आता वाईन आहे की' म्हणणाऱ्यांशी तर मी बोलतच नाही. ती माणसं द्राक्षाच्या वेलीला टेकून फोटो काढतात आणि बिल बघून गाडीत भांडतात. गर्दी बघायची तर आमच्या इथल्या द्वारका चौकात उभे राहा, फुकट आहे. देव बघायचा तर घरी बघा. शिवाय कुंभमेळा येणार म्हणून सगळं शहर उकरून ठेवलंय, त्यामुळे जे काही बघण्यासारखं होतं तेही पत्र्याच्या आड गेलंय.

ही डायरी नाही, हे आधीच सांगतो. डायरी रिटायर झालेली माणसं लिहितात. हा एक प्रयोग आहे. कथानक नाही, पात्रं नाहीत, फक्त निरीक्षण. लेखकाकडे दुसरं काही नसलं तरी नजर पाहिजे, आणि ती माझ्याकडे आहे.

तर निरीक्षण पहिलं. आज जेवताना बाबा म्हणाले, "पुढच्या शनिवार-रविवारी डोंबिवलीचे पाहुणे येतायत. सहज. नाशिक बघायचंय त्यांना."

सहज! सहज नाशिक बघायला येणारी माणसं आधी मुलीची जन्मवेळ मागवत नाहीत. ही हल्लीची फॅशन. पोह्यांची बशी घेऊन मुलीने समोर यायचं हे आता मागासलेलं वाटतं ना, म्हणून मुलाकडचे 'वीकेंडला' येतात. मुलीकडचे त्यांना गाव फिरवतात. मग दोन दिवस सगळे मिळून लेणी आणि मंदिरं बघायचं सोंग करत एकमेकांना बघतात. मुलगी पायऱ्या चढताना धापा टाकते का, मुलगा पाकीट काढतो का, मुलाची आई कुठल्या दुकानापुढे रेंगाळते. पोहे परवडले. ते निदान खाऊन संपायचे.

मला धक्का बसला तो ताईचा. तेजलताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, अंबडच्या एका औषधाच्या कंपनीत लॅबमध्ये आहे. आजवर आलेलं प्रत्येक स्थळ तिने फोटोवरूनच उडवलंय. एकाला तर म्हणाली होती, "याच्या मिशीचंच लग्न लावून द्या, बाबा." पण आज बाबांनी फोन पुढे केला तर तिने फोटोकडे नीट बघितलंसुद्धा नाही. ताटातलं वरण कालवत म्हणाली, "बरं. येऊ देत."

माणूस थकला की असा होतो. माझी बहीण मोडली, हे आज मी डोळ्यांनी पाहिलं.

"आणि त्यांना फिरवणार कोण?" आईने विचारलं.

"हा आहे की," बाबा म्हणाले. "याला काय काम आहे?"

मी गेली दोन वर्षं एकही पात्र नसलेली कादंबरी लिहितोय. आमच्या घरात त्याला काम म्हणत नाहीत.

गुरुवार, ५ मार्च

घरातले सगळे पडदे धुऊन झाले. माझ्या पुस्तकांच्या कपाटावर आईने चादर टाकली. म्हणे, "बरं नाही दिसत." बाबांनी द्वारकेच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसातून दोन दिवसांची रजा काढलीय. हा माणूस माझ्या पदवीदान समारंभाला आला नव्हता. गाड्या लोड व्हायच्या होत्या म्हणून.

संध्याकाळी गच्चीवर ताईला गाठलं. ती दोरीवरचे कपडे काढत होती.

"खरंच करायचंय तुला हे लग्न?"

"अजून बघितलंय कुठे मी त्यांना?" ती म्हणाली, आणि गुणगुणायला लागली. दडपणाखालची माणसं गुणगुणतात, हे मी कुठेतरी वाचलंय.

"तू फक्त नाही म्हण. पुढचं मी बघतो."

ती वळली. "अश्या, दोन दिवस माणसासारखा वाग. एवढंच मागतेय. इस्त्रीचा शर्ट घाल, आणि कुणी काही बोललं की लगेच त्याचं वाक्य दुरुस्त करू नकोस. माझ्यासाठी."

आवाज इतका केविलवाणा की मला राग आला. तिचा नाही, सगळ्यांचा. घर पिळतं ते पिळतंच, कंपनीही सोडत नाही. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी हिला ठाण्याला ट्रेनिंग! असं काय शिकवतात त्या लॅबवाल्यांना दर महिन्याला? मागे म्हटलं, लेखी तक्रार कर. तर म्हणे, "जाऊ दे रे, तेवढाच बदल." परत येते तेव्हा दमलेलीही नसते. म्हणजे जाच अंगवळणी पडलाय.

आणि ती गेली तर? माझं लिहिलेलं सगळ्यात आधी ती वाचते. खरं म्हणजे सगळ्यात आधी आणि सगळ्यात शेवटी तीच. पण तो मुद्दा नाही. मुद्दा तिच्या स्वातंत्र्याचा आहे.

शुक्रवार, ६ मार्च

आई सकाळी कॅलेंडरपुढे उभी राहून किंचाळली. "अहो, रविवारी रंगपंचमी! सांगितलंत का त्यांना?"

"त्यात सांगायचं काय?" बाबा म्हणाले. "त्यांच्या कॅलेंडरात नाही का?"

कॅलेंडरात असेल. पण तिकडे लोक धुळवडीलाच रंग खेळून, आंघोळी करून मोकळे होतात. होळीनंतर पाचव्या दिवशी अख्खं शहर रस्त्यावर येतं ते आमच्याकडे. बाबा नामपूरला जन्मले आणि नाशकात वाढले, जगात दुसऱ्या कुठल्या दिवशी रंग खेळतात हे त्यांच्या गावीही नाही. मी काही बोललो नाही.

कारण मला कल्पना सुचली. जुन्या नाशकात रहाडी आहेत. रहाड म्हणजे रस्त्याखाली बांधून काढलेला चौकोनी हौद. वर्षभर तो बुजवलेला असतो, वरून गाड्या जातात, लोक भाजी घेत उभे राहतात. रंगपंचमीला तो उघडतात, पूजा करतात, फुलांचा उकळलेला रंग त्यात भरतात आणि माणसं त्यात उड्या मारतात. त्या उडीला धप्पा म्हणतात. एक धप्पा घेतला की तुम्ही आठवडाभर त्या रंगाचे.

रविवारी दुपारी मी डोंबिवलीकरांना तिथे नेणार. परत नाशकाचं नाव काढणार नाहीत.

शनिवार, ७ मार्च

आले. तिघं. मुलगा योगेश, त्याची आई सुमनबाई, आणि गाडी चालवणारे किशोरमामा. वडील चार वर्षांपूर्वी वारले. योगेश सॉफ्टवेअरवाला, चष्मेवाला, ज्याच्याकडे बघितल्यावर लगेच दुसरीकडे बघावंसं वाटतं असा. सुमनबाई कमी बोलतात आणि सगळं ऐकतात. मामांचं उलटं.

मामांच्या फोनमध्ये 'नाशिक: दोन दिवसांत काय काय पाहाल' अशी यादी. जागा बघायची नाही, यादीवर टिक करायची, पुढे. लेण्यांच्या पायऱ्या चढताना मला विचारतात, "पांडव इथे किती वर्षं होते हो?"

"एकही दिवस नव्हते. ही बौद्ध लेणी आहेत. भिक्खू राहायचे इथे."

"मग पांडवलेणी का म्हणतात?"

"लोकांना पाटी वाचायचा कंटाळा, म्हणून."

"अस्सं," मामा म्हणाले, आणि टिक केली.

योगेशला निम्म्यातच धाप लागली. ताईने पुढे बघत बघतच पाण्याची बाटली मागे धरली, त्यानेही न बघता ती घेतली. दोघांपैकी एकाच्याही तोंडून 'थँक्यू' नाही. मॅनर्सचा दुष्काळ.

पण वर पोचल्यावर तो माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "तुमची ती लिफ्टची गोष्ट. त्यातली बाई शेवटी उतरते की नाही?"

मी थिजलो. ती गोष्ट जुनी, मी पात्रं लिहायचो तेव्हाची, आणि छापून आलेलीच नाही! घरात ताईशिवाय कुणी वाचलेली नाही. एका मासिकाला पाठवली होती, त्यांचं उत्तर नाही. याचा अर्थ सरळ आहे. संपादकाने ती छापायची हिंमत केली नाही, पण लपूनछपून लोकांना वाचायला देतोय. माझं लिखाण डोंबिवलीपर्यंत हातोहात फिरतंय! मी ताईला सांगितलं तर ती खोकायला लागली. मत्सर नव्हे, धूळ असावी.

योगेशला म्हटलं, "उतरते की नाही हे वाचकाने ठरवायचं."

"आमच्यात त्यावरून वाद झालाय," तो म्हणाला.

आमच्यात! म्हणजे वाचकांचे गट पडलेत.

जेवायला गंगापूर रोडला गेलो. थाळी आली. ताई आईशी बोलता बोलता हात लांब करून योगेशच्या ताटातली लिंबाची फोड उचलून स्वतःच्या ताटात टाकती झाली. भरल्या हॉटेलात! तो ढिम्म. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घाबरलेल्या माणसाचे हात ताब्यात राहत नाहीत, दुसरं काय. जेवण झाल्यावर तिने त्याच्याकडे नुसतं पाहिलं, आणि त्याने खिशातून पित्ताची गोळी काढून गिळली. ही असली माणसं. हिला लग्नानंतर नर्स व्हावं लागणार.

मग मामांच्या यादीप्रमाणे द्राक्षाचे मळे. सुमनबाई म्हणाल्या, "मी नाही बाई त्या दारूच्या कारखान्यात येत, मी इथेच झाडाखाली बसते." बाबा सोबतीला बसले. बोलता बोलता कळलं की त्यांचं माहेर सटाण्याचं. बाबा एकदम वीस वर्षांनी तरुण झाले. "मंग तं आपलं एकच रान शे!" आमच्या घरात बाबा कधी अहिराणी बोलत नाहीत, आईला येत नाही आणि आम्हाला लाज वाटते. तिथे मात्र तासभर दोघांचं कांदा, नामपूरचा बाजार, कुणाची विहीर, कुणाची सोयरीक. मी परत आलो तर बाबा चक्क हसत होते. हिशेब चुकला की हसतात तसं नाही, खरं.

आत मामांनी दोन घोट घेतले आणि मला कोपऱ्यात ओढलं. "तुम्ही लेखक आहात म्हणून सांगतो. आमच्या सुमनताईचा थोरला मुलगा, योगेशचा भाऊ, त्याने प्रेमविवाह केला. पोरगी वाईट नव्हती हो. पण घरात न सांगता रजिस्टर करून मोकळा. ताईला शेजारणीकडून कळलं. आता दोघं बंगळूरला, येणं-जाणं बंद. तेव्हापासून ताईचं एकच चाललंय, धाकट्याचं रीतसर बघून करणार. आणि मला पुन्हा कुणी फसवायचं नाही."

म्हणजे थोरल्याने प्रेम करायचं आणि शिक्षा माझ्या बहिणीने भोगायची. वा.

संध्याकाळी गंगेवर. नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात. मामा सीतागुंफेत गेले. तिथे वाकून, बसून, सरपटत आत जावं लागतं. मामा अर्ध्यात अडकले आणि मागची रांग जयजयकार करायला लागली. मी आणि सुमनबाई घाटाच्या पायरीवर बसलो होतो. त्यांनी पर्समधून शेंगदाण्याची पुडी काढून माझ्यापुढे धरली.

"तू काय लिहितोस रे?"

मी म्हटलं, पात्र नसलेला मजकूर.

"माणसंच नाहीत?" त्या म्हणाल्या. "मग बोलतं कोण?"

मी दोन शेंगदाणे तोंडात टाकले. त्या पाण्याकडे बघत म्हणाल्या, "तुझे वडील सरळ माणूस आहेत. घरही सरळ आहे. मला दुसरं काही नको."

म्हणजे ठरलं. मला उद्याच काहीतरी करायला हवं.

रविवार, ८ मार्च

कुठून सुरू करू? जसं झालं तसं लिहितो. प्रयोग गेला खड्ड्यात.

सकाळी मिसळ. नाशकात मिसळ खायला मळ्यात जायचं, झोपाळ्यावर बसायचं, बैलगाडीपुढे फोटो काढायचा, मग खायची. लोक गावं सोडून शहरात आले आणि आता पैसे देऊन गावाच्या देखाव्यात बसतात. बाकीचे लांब टेबलाशी होते. सुमनबाई झोपाळ्यावर एकट्या, हातात पापड. मी शेजारी जाऊन बसलो.

"काकू, एक सांगायचंय. ताईचं एकावर प्रेम आहे."

त्या पापड मोडायच्या थांबल्या. "कुणावर?"

आता आली का पंचाईत. मी पात्रं लिहीत नाही, मला सवय राहिलेली नाही. पण माणूस उभा करायचा म्हणजे काहीतरी अंगाखांद्याला लावावं लागतंच, म्हणून हाताशी होतं ते घेतलं. म्हटलं, तिकडचाच आहे, ठाण्याकडचा. कॉम्प्युटरवाला. चष्मा. जरा चढलं की धाप लागते. पित्ताचा त्रास, लिंबू चालत नाही. ताई ट्रेनिंगचं नाव सांगून दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी त्याला भेटते. हा शेवटचा तपशील सुचल्यावर मला स्वतःचाच हेवा वाटला.

"दुसऱ्या शनिवारी?" सुमनबाई म्हणाल्या.

"दर महिन्याच्या."

"आणि लिंबू चालत नाही."

"अजिबात नाही."

त्यांनी लांबच्या टेबलाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग एकदम थंड आवाजात, "तुझ्या घरी माहितीय हे?"

इथे मी कळस चढवला. म्हटलं, "सगळ्यांना. आईबाबांनासुद्धा. माहीत असूनही हे सगळं चाललंय."

त्यांनी पापड ताटलीत ठेवला. "बरं झालं सांगितलंस," म्हणाल्या. पुढे गाडीत एक शब्द नाही. मी मनात म्हटलं, एवढी वर्षं पात्रं न लिहून मी माझं नुकसान करून घेतलं.

रहाडीपर्यंत जायचीही खरं म्हणजे गरज उरली नव्हती. पण मामांच्या यादीत सराफ बाजार राहिला होता, आणि ते ऐकेनात. गाडी लांब लावली. गल्लीत शिरलो तेव्हा मामा म्हणाले, "आज इथे काही आहे का?" तेवढ्यात वरून बादली आली. सुमनबाईंची मोतिया रंगाची साडी हिरवी झाली.

"अरे, पाहुणे आहेत!" बाबा ओरडले.

रंगपंचमीच्या दिवशी जुन्या नाशकात हे वाक्य कधीच ओरडायचं नसतं. ते आमंत्रण असतं. बाबांना हे माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, पण अब्रूची काळजी पडली की माणूस स्वतःचं गाव विसरतो.

"पाहुणा! पाहुण्याला धप्पा!" पोरं धावली. मामांना उचलणं शक्य नव्हतं. त्यांनी योगेशला उचललं, एकाने चष्मा काढून खिशात ठेवला, आणि खांद्यांवरून त्याला रहाडीकडे नेलं. ढोल चालू, पाइपमधून पाणी चालू, आत पिवळाजर्द रंग.

सुमनबाईंनी तोंड उघडलं, पण आवाज आला तो ताईचा.

"सोडा त्याला! कानाचा पडदा फाटलाय त्याचा, पाणी चालत नाही! योग्या, कान धर! डावा कान!"

पोरांनी तोवर टाकला होता. आणि माझी बहीण, जी साडी नेसून रिक्षातसुद्धा जपून बसते, ती आंबा रंगाच्या नव्या साडीसकट त्याच्यामागे उडी मारती झाली. वर आली तेव्हा तिने दोन्ही तळव्यांनी त्याचा कान घट्ट दाबून धरला होता. दोघं नखशिखांत पिवळे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गर्दीला काहीही चालतं.

योग्या, म्हणाली. योग्या!

सुमनबाई काठाशी आल्या. आवाज चढवला नाही त्यांनी. "तेजल, त्याचा कान तुला कुणी सांगितला? तो बायोडेटात नाही. माझ्या भावालाही माहीत नाही."

"कसला कान?" मामा म्हणाले.

योगेश म्हणाला, "आई, मी सांगणार होतो." दोन वर्षांपूर्वी कुठल्यातरी ट्रेकला भेटले म्हणे. तुला दुखवायचं नव्हतं म्हणे. रीतसर बघून झालं असं तुला वाटावं म्हणून म्हणे. प्रत्येक 'म्हणून'ला सुमनबाईंचा चेहरा आणखी बंद होत गेला.

बाबा मध्ये पडले. ते खरोखरच भांबावले होते. "सुमनताई, मला काहीच..."

त्यांनी बाबांकडे वळून पाहिलं, आणि मला वाटतं तेवढंच एक वाक्य त्यांना जड गेलं. "दादा, पोरंस्नं जाऊ द्या. तुम्ही सुद्धा? बठ्ठास्नी मिळीसन माले येडं बनाडं."

सगळ्यांनी मिळून वेड्यात काढलं, एवढी अहिराणी मलाही कळते. बाबा उभेच राहिले. डोक्यावरून रंग गळतोय, हात अर्धवट वर.

ते गेले. योगेशने दोनदा मागे वळून पाहिलं आणि आईमागे गेला. त्याला जावंच लागतं. ताई रस्त्यात बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं.

"तू काय सांगितलंस त्यांना?"

मी सगळं सांगितलं. चष्मा, पित्त, लिंबू, दुसरा शनिवार. तिचा आधी विश्वासच बसला नाही.

"अश्या, म्हणजे तुला कळलं नव्हतं? तू हे सगळं बघितलंस, एकेक गोष्ट बरोबर बघितलीस, आणि तुला कळलं नाही?"

त्यात राग असता तर बरं झालं असतं. तिला कुतूहल वाटत होतं.

बुधवार, ११ मार्च

दोन दिवस लिहायला काही नव्हतं. म्हणजे होतं, पण आमच्या घरात आवाज फक्त कुकरचा.

ताई कालपासून कामावर जायला लागली. पिवळे कान, पिवळी नखं. लॅबमध्ये म्हणे तिला हातमोजे दुहेरी घालायला लावले. योगेशचे मेसेज येतात. कानात दडा बसलाय पण बरा होईल. त्याच्या आईने लग्नाला नाही म्हटलेलं नाही. पोरं चोरून भेटली ते त्या गिळतील, एकदा गिळलंय. पण 'ज्या माणसाला मी दादा म्हटलं, तो माझ्याशी माझ्या माहेरच्या भाषेत गोड बोलत होता आणि त्याला सगळं माहीत होतं', यावर गाडी अडलीय. त्या घरात पाय ठेवणार नाही म्हणाल्या. ताईने फोन केला, उचलला नाही. मामांनी रदबदली केली तर त्यांनाच विचारलं, तू कितीला फुटलास?

आणि बाबा. कालही आजही ऑफिसला गेले नाहीत. आईने विचारलं तर म्हणाले, "मी त्या बाईशी मनापासून बोललो होतो गं." मला काही बोलले नाहीत. मी शब्दांचा माणूस, बाबा काहीच बोलत नाहीत तेव्हा काय करायचं मला माहीत नाही.

मी विचार केला होता की सुमनबाईंना पत्र लिहावं. चार मसुदे केले. चारही चांगले होते, म्हणून फाडले. प्रत्येकात मी कुठेतरी हुशार दिसत होतो.

गोष्ट एवढीच आहे. त्यांना फसवलं ते ताईने आणि योगेशने, त्याचं ते बघतील. पण 'सगळ्यांना माहितीय' हे मी म्हणालो. ते खोटं आहे आणि ते खोटं आहे हे दुसऱ्या कुणी सांगून त्यांना पटणार नाही, कारण बाकी सगळ्यांचा त्यात फायदा आहे. मी जाऊन दारात उभं राहायचं आणि सांगायचं, काकू, आमच्या घरात कुणालाच काही माहीत नव्हतं. बाबांना नव्हतं, आईला नव्हतं. आणि मला तर, ज्याच्या डोळ्यांसमोर लिंबाची फोड इकडून तिकडे गेली त्याला, सगळ्यांत कमी. त्या दोन दिवसांत कुणाला काही दिसलं असेल तर ते तुम्हालाच. मी बनवलेल्या माणसात तुम्ही तुमचा मुलगा ओळखलात. मी नाही ओळखला.

हसतील. हाकलून देतील. शेंगदाणे देतील. काय करतील माहीत नाही. दार उघडणार नाहीत, असंही होईल. मग जिन्यात बसेन. मुंबई नाक्यावरून कल्याणची एसटी आहे, पुढे डोंबिवली कुणीही दाखवेल. डोंबिवलीत बघण्यासारखं काही नाही याची मला खात्री आहे.

ताई मघापासून बाथरूममध्ये आहे. दगडाने रंग घासतेय, इथपर्यंत ऐकू येतंय. तिला सांगून गेलो तर ती म्हणेल थांब, मी येते. किंवा म्हणेल, तू आणखी काही करू नकोस, तुझे उपकार पुरे झाले. दोन्हींपैकी एकही ऐकून घ्यायची माझी तयारी नाही. फोन इथेच ठेवतोय. इस्त्रीचा शर्ट घातलाय.

नळ बंद झाला. कडी वाजली. निघालो.